दर उन्हाळ्यात केळीची पानं भाजतात: सावली वाढवण्याआधी काय तपासायचं

थंडी सरेपर्यंत केळ हिरवीगार असते. हवा तापायला लागली की वरच्या पानांवर आधी फिकट, मग तपकिरी आणि शेवटी चुरचुरीत कोरडे डाग पडतात. घाबरून वर सावलीची जाळी बांधली जाते. तीनचार आठवड्यांत नवी पानं झकास निघतात आणि जाळीचा गुण आला असं वाटतं. मग जाळी उतरवली की आठवड्याभरात तीच नवी पानं भाजतात. नाही उतरवली तर केळ उंच आणि लुकडी होत जाते, निसवायचं (घड बाहेर टाकायचं) नाव घेत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, फक्त जाळी आणखी दाट.

यातली मेख अशी की बहुतेक वेळा केळीला ऊन जास्त झालेलंच नसतं. त्या उन्हात टिकायला जेवढं पाणी पानापर्यंत पोचायला हवं, तेवढं पोचत नसतं. सावली केली की पाण्याची मागणी घटते, म्हणून लक्षण दबतं. मूळ कारण तसंच राहतं. वर सावलीत वाढलेलं पान पातळ आणि मऊ निघतं, त्यामुळे पुढच्या उन्हात ते आधीच्या पानापेक्षाही लवकर भाजतं. दरवर्षीचं रडगाणं इथूनच सुरू होतं.

ज्यांना आधी आकडा हवा असतो त्यांच्यासाठी: जम बसलेल्या केळीला उष्ण प्रदेशातही दिवसभराचं ऊन चालतं, नव्हे, ते हवंच असतं. सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन मिळत असेल तर चांगल्या घडाची फार आशा धरू नये. आठ तास मिळाले तर उत्तम. हवा दमट असेल आणि पारा ३५-३६ अंशांच्या आसपासच थांबत असेल तर मोठ्या झाडाला सावली लागत नाही. पारा ४० ओलांडतो, हवा कोरडी, त्यात गरम वारा, अशा जागी दुपारी दोन-अडीचनंतरची विरळ सावली कामी येते, साधारण २० ते ३० टक्के. ५० टक्के सावली एरवी फक्त कोवळ्या रोपांना, तीही काही आठवड्यांपुरती.

हे असं का, ते केळीच्या मूळ घरावरून कळतं. रानटी केळी दक्षिणपूर्व आशिया आणि न्यू गिनीच्या दमट जंगलांतल्या. पण गर्द झाडीखाली त्या फारशा वाढत नाहीत. मोठं झाड कोसळून मोकळी झालेली जागा, जंगलाची कड, ओढ्याचा काठ, अशा ठिकाणी त्या माजतात. म्हणजे डोक्यावर ऊन, पायाशी ओल आणि भोवती दमट हवा. कोरड्या उष्ण प्रदेशात यातलं ऊन तेवढं मिळतं, बाकीच्या दोन गोष्टी गायब असतात. आपण मात्र जे आहे तेच कमी करायला धावतो.

आधी पान नीट बघा

प्रत्येक तपकिरी डाग उन्हाचा नसतो. जाळी विकत आणण्याआधी दहा मिनिटं पानाजवळ उभं राहणं केव्हाही स्वस्त.

उन्हाने भाजलेला डाग पानाच्या आकाशाकडे तोंड असलेल्या भागावर पडतो, बहुधा मधल्या शिरेच्या एकाच बाजूला, मावळतीकडच्या. वरच्या पानाने झाकलेला तुकडा शाबूत राहतो, आणि कधीकधी तर सावलीची सरळ रेघच डागाच्या कडेला दिसते. डाग एकदोन दिवसांत एकदम दिसतो आणि मग तिथेच थांबतो. याची खात्री करायची सोपी रीत: डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा आणि चारपाच दिवसांनी बघा. डाग रेघेच्या आत राहिला तर ऊन. रेघ ओलांडून पसरला तर दुसरं काहीतरी.

दुसरं काहीतरी म्हणजे काय काय? सिगाटोका करपा असेल तर शिरांना समांतर बारीक रेघा आणि लांबट ठिपके दिसतात, ठिपक्यांचा मधला भाग राखाडी होतो आणि भोवती पिवळी झालर असते. हा रोग ओलाव्यात फोफावतो, म्हणून भर कोरड्या उन्हाळ्यात एकाएकी आलेल्या डागांवर बुरशीनाशक मारत सुटण्यात अर्थ नाही. पानाची कड सगळीकडून सारखी करपत आत सरकत असेल आणि मातीवर पांढरी खपली दिसत असेल तर क्षार. सर्वांत जुनी पानं कडेने नारिंगी-पिवळी पडून सुकत असतील आणि नवी ठणठणीत असतील तर पालाशची (पोटॅशची) कमतरता. नवीच पानं फिकट, जवळजवळ पांढरट निघत असतील तर लोह मिळत नाहीये, आणि ते अनेकदा चुनखडीच्या किंवा सतत चिंब मातीत होतं. खालची पानं पिवळी पडून देठाशी मोडतात आणि बुंध्याभोवती घागऱ्यासारखी लोंबतात, बुंधा उभा चिरतो, कापून बघितलं तर आत तांबूस-तपकिरी रेघा दिसतात, असं असेल तर पनामा मर, म्हणजे मातीतून पसरणारा बुरशीचा रोग, समजा. अशा झाडाला सावलीचा काहीही उपयोग नाही. त्याची माती आणि पील (बुंध्याशी फुटणारे नवे कोंब) दुसरीकडे नेऊ नका, आणि वापरलेली अवजारं धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

रंगीत पानांच्या केळी, म्हणजे हिरव्यावर पांढरे पट्टे असलेल्या, हा वेगळाच प्रकार. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग कडक उन्हात भाजणारच. वरचा सगळा आकड्यांचा हिशोब या केळींना लागू नाही; त्यांना दुपारची सावली कायमचीच द्यावी लागते.

दुपारी मिटलेलं पान काय सांगतं

केळीच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट रंगाची एक पट्टी असते. तिथल्या पेशींमधलं पाणी कमी झालं की पानाचे दोन्ही अर्धे खाली झुकतात आणि पान कौलारू छपरासारखं दिसायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं केळ माना टाकतेय. खरं तर ती स्वतःची सावली स्वतः करत असते. झुकलेल्या पानावर ऊन तिरकं पडतं, शिवाय केळीची बहुतेक पर्णरंध्रं (बाष्प बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) पानाच्या खालच्या अंगाला असतात, ती आडोशाला जातात.

म्हणून पान मिटलं की नाही यापेक्षा ते किती वाजता मिटलं आणि कधी उघडलं हे महत्त्वाचं. दुपारी एक-दोनला मिटून पाच-सहापर्यंत पुन्हा सपाट होत असेल आणि पारा ३८च्या वर असेल, तर काहीही करू नका. सकाळी दहालाच मिटत असेल तर पाणी कमी पडतंय किंवा मुळं कमी आहेत. आणि सूर्य उगवायच्या वेळीही पान मिटलेलंच असेल तर मामला गंभीर आहे, त्याच दिवशी माती उकरून बघायला हवी.

उकरायचं म्हणजे बुंध्यापासून दोनेक वीत लांब, २०-२५ सेंटिमीटर खोल. तिथली मूठभर माती दाबून बघा. गोळा होत नाही, भुसभुशीत सांडते, तर तहान लागलीय. गोळा होतो पण बोटांना पाणी लागत नाही, म्हणजे वाफसा आहे, ठीक. आणि दाबल्यावर पाणी निथळत असेल, मातीला आंबूस वास येत असेल, मुळं पांढरी असण्याऐवजी काळी आणि लिबलिबीत असतील, तर तुम्ही पाणी पाजूनच झाड मारताय. हा सापळा वाईट आहे. पानं मिटली म्हणून पाणी वाढवलं, पाण्याने मुळं गुदमरली, मुळं गेली म्हणून पानं आणखी मिटली, म्हणून आणखी पाणी. चिंब मातीत उभं असलेलं झाडही तहानेने करपू शकतं, कारण पाणी ओढून घ्यायला मुळंच उरलेली नसतात. अशा वेळी पाणी थांबवायचं, निचऱ्याला वाट करून द्यायची, आणि नवी मुळं येईपर्यंत झाडाला तात्पुरती सावली द्यायची. मोठ्या झाडाला ५० टक्क्यांची जाळी मी खुशाल बांधा म्हणेन अशी ही एकच परिस्थिती.

ऊन तेच, हवा वेगळी

सकाळी नऊला आणि दुपारी तीनला आकाशातलं ऊन साधारण सारखंच असतं. तरी पान भाजतं ते तीनला. फरक हवेत असतो. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या तुलनेत ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा पानातून जवळपास पाचपट जोराने पाणी ओढते. केळीचं एक मोठं पान चौरस मीटरहून जास्त भरतं आणि झाडावर अशी दहाबारा पानं असतात. एवढ्या पसाऱ्याला पाणी पुरवायचं काम ज्या मुळांवर असतं ती बहुतेक वरच्या ३०-४० सेंटिमीटर मातीत असतात, म्हणजे जो थर सर्वांत आधी वाळतो आणि सर्वांत जास्त तापतो त्याच थरात.

पाणी मिळत असेल तोवर पान बाष्पाच्या रूपाने ते सोडून स्वतःला गार ठेवतं. माती जराशी सुकली की केळ पर्णरंध्रं बंद करते; या बाबतीत ती फार भित्री आहे. रंध्रं बंद झाली की गारवा थांबतो आणि उन्हातलं पान हवेपेक्षा कितीतरी अंशांनी जास्त तापतं. पानाचं तापमान ४७ अंशांच्या आसपास गेलं की पेशी मरायला लागतात. हवाच ४० अंशांची असेल तर मधलं अंतर किती कमी उरतं ते बघा. हे अंतर सावलीनेही वाढतं आणि पाण्यानेही. पण पाण्याने वाढवलं तर प्रकाश कमी होत नाही आणि झाड आपलं अन्न तयार करत राहतं.

जाता जाता: वाऱ्याने फाटलेल्या पानांबद्दल फार हळहळू नका. फाटून पट्ट्या झालेलं पान अखंड पानापेक्षा उष्णता लवकर सोडतं, त्यामुळे थोडं गार राहतं. अगदी दोराच्या जाडीच्या चिंध्या झाल्या तर नुकसान आहे, पण चारपाच बोटं रुंद पट्ट्या झाल्या तर बिघडत नाही.

दुरुस्ती कुठून सुरू करायची

पाण्यापासून. भर उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या केळीला दिवसाला २० ते २५ लिटर पाणी लागू शकतं, आणि ते बुंध्याशी एकाच जागी ओतून भागत नाही. मुळं चहूबाजूंना मीटरभर तरी पसरलेली असतात, त्यामुळे ओल तेवढ्या वर्तुळात हवी. ठिबक असेल तर एका झाडाला एक तोटी पुरत नाही. दोन ते चार तोट्या बुंध्यापासून लांब, वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. वाळूसर जमिनीत तेच पाणी दिवसातून दोनदा विभागून द्या, कारण ती धरून ठेवत नाही. भारी काळ्या जमिनीत रोजच्याऐवजी वाफसा बघून द्या. काळी नळी उन्हात पडलेली असेल तर आत साचलेलं पाणी कढत होतं, म्हणून पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर सोडा. दिवसा पान नेमकं तापायच्या आधी मुळांशी ओल तयार असते, हा दुसरा फायदा.

दुपारी पानांवर पाणी शिंपडलं तर थेंबांचं भिंग होऊन पान जळतं, असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. केळीच्या गुळगुळीत, लव नसलेल्या पानाच्या बाबतीत तसं होत नाही. पाणी खारं असेल तर मात्र वाळलेल्या थेंबाच्या जागी क्षार राहतात आणि डाग पडतो तो त्यांचा. खाऱ्या पाण्याची अडचण मुळांशीही असते. निचरा चांगला असेल तर अधूनमधून एकदा नेहमीपेक्षा भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकलावे लागतात. रोज थोडंथोडं वरवर पाणी देणाऱ्यांच्या बागेत हे साचत जातं.

पाण्याच्या जोडीला आच्छादन. उघडी माती दुपारच्या उन्हात ५०-६० अंशांपर्यंत तापू शकते, आणि केळीची मुळं तिच्या अगदी वरच्या थरात आहेत. १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळा, गवत, पाचट, जे असेल ते घाला. सर्वांत सोयीचं म्हणजे केळीचंच: वाळलेली पानं आणि घड काढून झालेल्या खोडाचे तुकडे. त्या खोडात पाणीच पाणी असतं. फक्त बुंध्याला चिकटून ढीग करू नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर तिथे किडींना आयती जागा मिळते. माझ्या मते एकट्या आच्छादनाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही जाळीने पडत नाही, आणि तरी सर्वांत जास्त टाळाटाळ याचीच होते.

मग एकटेपणा. मोकळ्या अंगणात मधोमध उभी असलेली एकच केळ सगळ्यात जास्त भाजते, कारण तिला चारही बाजूंनी ऊन, वारा आणि तापलेल्या जमिनीची धग लागते. बागेत दीड ते पावणेदोन मीटरवर लावलेल्या केळी एकमेकींच्या बुंध्यांवर आणि मातीवर सावली धरतात, आतली हवाही दमट राहते. जागा असेल तर तीनचार केळी गटाने लावा. एकच असेल तर तिचे सगळे पील उन्हाळ्याच्या तोंडावर खणून काढू नका. वेगवेगळ्या वयाचे दोन ठेवा. पण दहा पिलांचं बेटही होऊ देऊ नका, पाण्याच्या वाटणीत सगळेच उपाशी राहतात.

गरम वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूला आडोसा करा. शेवरीसारखी विरळ, हवा गाळून सोडणारी कुंपणरांग पक्क्या भिंतीपेक्षा चांगली. भिंतीवरून उसळून पडलेला वारा पलीकडे भोवरे करतो. झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत अशा रांगेचा थोडाफार परिणाम जाणवतो.

एवढं करूनही भाजत असेल तर सावली

आता सावलीची पाळी. पण माथ्यावर आडवी जाळी ताणायच्या आधी मावळतीच्या बाजूला उभी जाळी लावून बघा. आडवी जाळी दिवसभराचा प्रकाश कापते, सकाळचा कामाचा प्रकाशसुद्धा. उभी जाळी फक्त दुपारनंतरचं तिरकं ऊन अडवते. केळीला सकाळचं ऊन सर्वांत मानवतं: प्रकाश भरपूर, हवा अजून गार, रंध्रं सताड उघडी. ते कधीही अडवू नका.

माथ्यावरच लागणार असेल तर पांढरी किंवा चंदेरी जाळी घ्या. काळी जाळी स्वतः तापते आणि पानाला लागून असेल तर ती धग पानालाच लागते. पानांच्या वर निदान मीटरभर अंतर हवं, बाजू उघड्या हव्यात. उन्हाळ्याच्या दिवसांत केळ साधारण दर सात ते दहा दिवसांनी नवं पान टाकते, त्यामुळे आज पुरेशी वाटणारी उंची महिन्याभरात संपते आणि पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) जाळीत अडकून वेडावाकडा उघडतो. इस्राएलमध्ये केळीच्या बागा उंच, पारदर्शक जाळीखाली वाढवतात. ती जाळी प्रकाश अगदी थोडाच कापते. तिचा मोठा फायदा वारा मंदावण्यात आणि पाणी वाचण्यात असतो. व्यावसायिक बागाही सावली किती बेताने वापरतात ते यावरून दिसतं.

झाडाची सावली घ्यायची तर शेवग्यासारख्या बारीक पानांच्या झाडाची, कवडसे पडू देणारी. मोठ्या सदाहरित झाडाखाली केळ लावणं म्हणजे तिला प्रकाशाला आणि पाण्याला दोन्हीकडून मुकवणं. आणखी एक गोष्ट बागेची आखणी करताना हमखास निसटते: हिवाळ्यात सूर्य खाली असताना ज्या झाडाची लांब सावली केळीवर पडते, तीच सावली उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की आखडून झाडाच्या बुंध्याशी जाते. उष्ण कटिबंधात तर काही दिवस दुपारचा सूर्य विरुद्ध बाजूलाही कलतो. त्यामुळे सावलीची पाहणी उन्हाळ्यातच करा. एखाद्या दिवशी दर दोन तासांनी सावलीची कड कुठे आहे तिथे खडा ठेवत जा, संध्याकाळी चित्र स्पष्ट होईल.

जाळी उतरवताना घाई नको. जाळीखाली निघालेलं पान उघड्यावर कणखर होईल ही आशा फारशी खरी ठरत नाही. ज्या प्रकाशात ते घडलं त्याच प्रकाशाला ते बेतलेलं असतं. म्हणून ढगाळ दिवसांचा मुहूर्त साधून जाळी काढा. तसे दिवस येणार नसतील तर आधी फक्त सकाळी दोन तास उघडी ठेवा आणि दोनेक आठवड्यांत ते वाढवत न्या. या काळात जे नवं पान येईल ते उन्हाला तयार असेल. जुन्यांपैकी एकदोन भाजतील, भाजू द्या. ते बघून जाळी परत चढवली की मागचं सगळं पाण्यात.

रोपं, कुंड्या, भिंती

ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांची गोष्ट निराळी. ती प्रयोगशाळेतून निघाल्यावर सावलीगृहात वाढलेली असतात, त्यांच्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो. खुल्या उन्हात पहिल्याच दिवशी ठेवली तर संध्याकाळपर्यंत पांढरी पडतात. आणल्यावर आठवडा ते दोन आठवडे ५० टक्के सावलीत ठेवून हळूहळू ऊन वाढवायचं. लागवड उन्हाळ्यातच करावी लागली तर पुढचे चार ते सहा आठवडे प्रत्येक रोपाला मावळतीच्या बाजूने आडोसा द्या. ओळीच्या बाजूने आधीच ताग पेरून ठेवला तर तोच आडोसा करतो आणि पुढे कापून आच्छादनाला होतो. या काळात चारपाच नवी पानं खुल्या हवेत निघालेली असतात, त्यानंतर आडोशाची गरज संपते. कंदापासून किंवा तलवारीसारख्या पात्यांच्या पिलापासून लावलेल्या केळीला एवढे लाड लागत नाहीत, तिच्याकडे कंदातली शिदोरी असते.

कुंडीतल्या केळीत पान भाजण्याचं कारण बहुतेकदा कुंडी हेच असतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या मावळतीच्या अंगाला दुपारी हात लावून बघा. हाताला सोसत नसेल तर आत त्या बाजूची मुळं भाजली आहेत. इथे केळीवर नाही, कुंडीवर सावली करायची: पांढरा रंग द्या, गोणपाट गुंडाळा, एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा, किंवा पुढ्यात दुसरी झाडं मांडा. पानं उन्हात आणि कुंडी सावलीत, असं झालं की अर्धी तक्रार मिटते.

भिंतीजवळच्या केळीचंही तसंच. मावळतीचं ऊन खाणारी सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. नुसत्या फरशीचीही वरून पडणाऱ्या उन्हात भर पडते, पानाच्या खालच्या, रंध्रांच्या बाजूने. भिंतीवर वेल चढवा किंवा केळ भिंतीपासून दोनेक मीटर तरी पुढे आणा.

निसवल्यावर: पानापेक्षा घड जपा

घडावरच्या उन्हाकडे लक्ष फार उशिरा जातं. झाड एका बाजूला कललं, पानं कमी असली, की वरच्या एकदोन फण्या आणि घडाचा दांडा थेट उन्हात येतो. फळाची साल आधी पिवळट, मग काळपट होते. ती फळं नीट भरत नाहीत. दांडा भाजला तर आणखी वाईट, तिथे कुज शिरते आणि भरला घड दांड्यातून मोडून पडू शकतो. उपाय साधा: केळीचंच वाळलेलं किंवा जुनं पान दुमडून दांड्यावर आणि वरच्या फण्यांवर बांधायचं. पिशवी घालणार असाल तर हवा खेळणारी, फिकट रंगाची, न विणलेल्या कापडाची घ्या. बंद प्लास्टिकची पिशवी कडक उन्हात आतून भट्टी होते.

घड चांगला भरायला निसवताना झाडावर निदान आठ धडकी पानं हवीत. म्हणून भाजलेली पानं दिसायला वाईट दिसतात एवढ्यासाठी छाटत सुटू नका. अर्धं हिरवं असलेलं पान अजून अन्न करतं आणि खालच्या पानांना, बुंध्याला, घडाला सावली देतं. ते काढलं की आतापर्यंत झाकलेलं खालचं पान उघडं पडतं आणि पुढची पाळी त्याची. अर्ध्याहून जास्त सुकलेलं, देठाशी मोडून लोंबणारं पान तेवढं काढा. रोगाचं पान असेल तर मात्र हा नियम नाही, ते लगेच काढा.

भाजलेल्या झाडाला खताचा जादा हप्ता द्यायचा मोहही आवरा. विशेषतः नत्राने मऊ, पाणीदार पानं फुटतात आणि सुकलेल्या मातीत खताचे क्षार मुळांना आणखी चटका देतात. पाणी आठवडाभर व्यवस्थित द्या आणि पोंग्याकडे बघा. आत फुलोरा धरायला लागेपर्यंत केळीचा वाढीचा डोळा जमिनीलगत कंदात सुरक्षित असतो, त्यामुळे तोवर वरची सगळी पानं गेली तरी झाड गेलं असं होत नाही. पोंगा हिरवा आणि घट्ट असेल, रोज थोडा वर सरकत असेल, तर नवं पान वाटेत आहे. दोन आठवडे पोंगा जागचा हलला नाही तर पुन्हा माती उकरा, या वेळी मुळं आणि कंद दोन्ही बघायला.